बेडकाचा जन्म आणि डबक्याचें पाणी

सोलापूर जिल्ह्यांत मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला म्हणजे त्याच रात्रीं गांवाभोंवतालचा सारा प्रदेश बेडकांच्या आवाजानें भरून जातो. काल दुपारपर्यंत जेथें ढेंकळें तापून फुटत होतीं, ओढ्याच्या पात्रांत वाळूवांचून कांहीं दिसत नव्हतें, तेथें एकाएकीं हे इतके बेडूक आले कोठून, असा प्रश्न लहान मुलें विचारतात, आणि मोठीं माणसेंहि पुष्कळदां त्याचें उत्तर चुकीचें देतात. कोणी म्हणतात, ते पावसाबरोबर आभाळांतून पडतात. कोणी म्हणतात, ते चिखलांतून आपोआप उत्पन्न होतात. या दोन्ही समजुती खोट्या आहेत. खरी हकीकत या दोहोंपेक्षां अधिक आश्चर्यकारक आहे, आणि ती आमच्या खेड्यांतील वाचकांस ठाऊक असावी म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कोणी मानूं नये. आमच्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी वीस ते तीस इंच पाऊस पडतो, आणि तोहि भरंवशाचा नाहीं. पाणी आणखी आठ दिवस टिकेल कीं नाहीं, यावर येथें पिकाचें, गुराढोरांचें व माणसांचें सर्व कांहीं अवलंबून असतें. बेडकाचेंहि तसेंच आहे.

प्रथम ते कोठून येतात तें पाहूं. ते कोठूनहि येत नाहींत. ते येथेंच असतात. बेडकाचें कातडें पातळ, ओलसर व उघडें असतें. त्यावर केंस नाहींत, खवले नाहींत, पिसें नाहींत. सरड्याच्या अंगावर खवल्यांचें कोरडें आवरण असल्यामुळें त्यास ऊन सोसतें. बेडकाच्या अंगांतील पाणी मात्र उन्हांत झपाट्यानें उडून जातें. म्हणून पावसाळा सरून जमीन वाळूं लागली म्हणजे तो ओलीच्या मागोमाग खालीं जातो. आमच्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत किती खोल भेगा पडतात हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. त्या भेगा, बांधाच्या दगडांखालची जागा, उंदरांचीं व खेंकड्यांचीं जुनीं बिळें, विहिरीच्या चिऱ्यांमधील फटी, घरांतील रांजणाखालची ओल, हीं त्याचीं उन्हाळ्यांतील घरें होत.

कांहीं बेडूक तर स्वतःच बीळ खणतात. त्यांच्या मागच्या पायाच्या तळव्याशीं फावड्याच्या पात्यासारखा एक कठीण उंचवटा असतो. बसल्या जागींच मागचे पाय आळीपाळीनें बाहेर ढकलीत हा बेडूक पाठीमागच्या बाजूनें जमिनींत उतरत जातो. शेवटीं दोन डोळे व तोंड तेवढें दिसतें, आणि मग तेंहि मातीखालीं दिसेनासें होतें. या खणणाऱ्या बेडकांपैकीं पश्चिम महाराष्ट्रांत आढळणाऱ्या एका जातीस २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं स्वतंत्र ठरवून स्फीरोथेका पश्चिमा असें नांव दिलें. जी वस्तु आमच्या नांगराखालून पिढ्यान्‌पिढ्या वर येत आली, तिचें नांव ठरावयास इतका काळ लागला!

जमिनीखालीं बेडूक मेलेला नसतो. त्याचें खाणें बंद होतें, श्वास मंद होतो, हृदयाचे ठोके कमी होतात. अंगांतील चरबीवर आणि मूत्राशयांत सांठविलेल्या पाण्यावर तो महिनेच्या महिने काढतो. पावसाची ओल खोलवर मुरली म्हणजे तो वर येतो. १९७२ च्या दुष्काळांत किंवा अलीकडे २०१२-१३ च्या टंचाईंत, जेव्हां सांगोल्याकडे व मंगळवेढ्याकडे जनावरें छावण्यांत न्यावीं लागलीं, तेव्हांहि पुढच्या चांगल्या पावसांत बेडूक पुन्हां बोलूं लागले, तें या जमिनीखालच्या वस्तीमुळें. एक वर्ष पाऊस चुकला तरी कांहीं प्रौढ बेडूक जीव धरून राहतात. परंतु पिलांस असा मार्ग नसतो, आणि हीच या लेखांतील मुख्य गोष्ट आहे. ती पुढें येईल.

आमच्याकडील बेडकांत सर्वांत मोठा तो हिरवट-तपकिरी, अंगावर ठिपके व पाठीवर लांबट वळ्या असलेला बेडूक. तो सहा इंचांहूनहि मोठा होतो. पहिल्या पावसांत याचा नर हळदीसारखा पिवळा होतो, आणि ओरडतांना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे फुगे येतात. पुष्कळ लोक तो कांहीं विषारी, परका प्राणी समजून त्यास धोंडे मारतात. जुलै २०२० मध्यें मध्यप्रदेशांतील नरसिंहपूर येथील अशा पिवळ्या बेडकांची चित्रफीत मोबाइलवरून देशभर पसरली, तेव्हांहि अनेकांनीं तर्क लढविले. तो आपला नेहमींचाच बेडूक होय. लग्नाचा अंगरखा कांहीं दिवस चढवितो आणि मग उतरवून ठेवितो, इतकेंच.

विहिरींत व तलावांत बाराहि महिने दिसणारा, हांकलला असतां पाण्यावरून टप्पे घेत जाणारा लहान बेडूक निराळा. सोलापूर शहरांतील सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्यांवर किंवा १८७१ सालीं बांधून झालेल्या हिप्परग्याच्या एकरूख तलावाच्या कांठीं असल्या पाण्याच्या जागीं जो उड्या मारीत जातो तो बहुधा हाच. आणखी एक जात अंगठ्याच्या पेराएवढी असते. ती गवतांत बसून इतक्या मोठ्यानें ओरडते कीं आवाजावरून शोधूं जाणारा मनुष्य तिच्याहून दसपट मोठा प्राणी शोधीत राहतो.

अंगावर खरखरीत पुटकुळ्या असलेला, उड्या न मारतां खुरडत चालणारा, रात्रीं दिव्याखालीं किडे टिपावयास अंगणांत येणारा तो भेक. त्यास शिवल्यानें चामखीळ येते ही समजूत निराधार आहे. मात्र त्याच्या डोळ्यांमागें दोन जाड ग्रंथि असतात व त्यांतून दुधासारखें विष निघतें. कुत्र्यानें त्यास तोंडांत धरिलें तर त्याच्या तोंडास फेंस येतो तो त्यामुळें. भेक शिजवून खाल्ल्यानें माणसें दगावल्याचींहि उदाहरणें आहेत. हातांत घेतल्यानें कांहीं होत नाहीं. पण नंतर हात धुतल्यावांचून डोळे चोळूं नयेत.

आतां त्यांच्या ओरडण्याविषयीं. मागील हंगामांत एका खेड्यांतील वृद्ध बाईंनीं आम्हांस विचारिलें, “पाळकसाहेब, बेडकं वरडली की पाऊस येतो म्हणत्यात, त्ये खरं हाय का वो?” आम्हीं म्हटलें, “आजीबाई, ते पाऊस आणावयास ओरडत नाहींत. पाणी आलें आहे, इकडे या, असें नर आपल्या माद्यांस कळवितात.” त्या हंसून म्हणाल्या, “म्हंजी वरातीचा ताशा म्हणा की!” याहून चांगलें स्पष्टीकरण आम्हांस सुचलें नसतें. ओरडतो तो बहुतेक नरच. तो तोंड व नाकपुड्या मिटून घेतो आणि फुफ्फुसांतील हवा गळ्याच्या पिशवींत व पुन्हां फुफ्फुसांत अशी फिरवितो. म्हणून त्यास ओरडण्यासाठीं तोंड उघडावें लागत नाहीं. प्रत्येक जातीचा आवाज वेगळा असतो, आणि शेंकडो आवाजांच्या गलबल्यांत मादी आपल्या जातीचा आवाज नेमका ओळखिते. हवेंत ओल वाढली म्हणजे कांहीं बेडूक पावसाच्या आधींहि ओरडतात, म्हणून लोकांचें म्हणणें अगदींच वाऱ्यावरचें नव्हे. पण ओल हें कारण आणि ओरडणें हें कार्य. लोक तें उलटें धरितात.

याच उलट धरण्यांतून एक रूढि निघाली आहे. पाऊस लांबला म्हणजे आमच्याकडे व मराठवाड्यांत मुलें लिंबाचा पाला अंगास गुंडाळून ‘धोंडी’ काढितात व घरोघरीं पाणी अंगावर घेत फिरतात. कांहीं गांवीं काठीस एक बेडूक बांधून तोहि बरोबर मिरवितात. पावसासाठीं व्याकूळ झालेल्या शेतकऱ्याची थट्टा करणें आम्हांस शोभणार नाहीं. त्या व्याकुळतेंत आम्ही सर्वच भागीदार आहों. पण काठीवरील त्या जीवाचें काय होतें तें सांगणें प्राप्त आहे. बेडूक कातड्यानेंच पाणी पितो. तोंडानें तो पीत नाहीं. पोटाखालचें व मांड्यांजवळचें कातडें ओल्या जागीं टेंकून तो पाणी आंत शोषून घेतो. श्वासहि तो फुफ्फुसांप्रमाणेंच कातड्यानेंहि घेतो, आणि त्यासाठीं कातडें ओलें असावें लागतें. उन्हांत टांगलेला बेडूक दोन घरांमध्यें मिळालेल्या तांब्याभर पाण्यावर जगत नाहीं. जिच्या पोटांत हजारों अंडीं आहेत अशी मादी पावसापूर्वीं त्या काठीवर मेली, तर पाऊस आल्यावर त्या डबक्यांत एक वीण कमी होते. धोंडी काढणाऱ्या मुलांस बेडूक सोडून देण्यास सांगितलें तर त्यांच्या खेळांत कांहीं उणें पडत नाहीं.

नर-मादी एकत्र आलीं म्हणजे नर मादीच्या पाठीवर बसून तिला पुढच्या पायांनीं घट्ट धरितो. मादी पाण्यांत अंडीं सोडूं लागली कीं तोहि त्याच वेळीं त्यांवर आपलें बीज सोडतो; फलन शरीराबाहेर, पाण्यांतच होतें. अंड्यास कवच नसतें. त्याभोंवतीं एक पातळ लेप असतो, तो पाणी लागतांच भिजविलेल्या सब्जाच्या बियांसारखा फुगतो व त्याचा बुळबुळीत गोळा होतो. भेकाचीं अंडीं लांब दोऱ्यांत ओंवलेलीं असतात; गवताच्या काड्यांभोंवतीं गुंडाळलेले काळ्या मण्यांचे सर जर कोणी डबक्यांत पाहिले असतील तर तीं तींच. इतर बेडकांचीं अंडीं पुंजक्यांनीं किंवा पाण्यावर पसरलेल्या पापुद्र्यासारखीं असतात. अंड्याचा वरचा अर्ध काळा असतो. तो ऊन शोषून घेतो आणि आंतील जीव लौकर वाढतो. सोलापुराकडील कोमट पाण्यांत एक-दोन दिवसांतच अंडें फुटतें.

त्यांतून निघतो तो बेडूक नव्हे. तो बेडूकमासा. पहिले कांहीं तास तो काडीस चिकटून नुसता लटकत असतो. तोंडहि धड उघडलेलें नसतें. मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे कल्ले बाहेर दिसतात, आणि तो त्यांनीं पाण्यांतील प्राणवायु घेतो. लौकरच कातड्याचा एक पडदा त्या कल्ल्यांवर वाढतो व ते झांकले जातात. पाणी तोंडावाटे आंत येऊन एका लहानशा भोंकावाटे बाहेर जाऊं लागतें. तोंडास चोंचीसारखी कठीण कड आणि बारीक दांतांच्या ओळी येतात. त्यांनीं तो दगडांवरील शेवाळ खरवडून खातो. पाला पचविण्यास लांब आंतडें लागतें, म्हणून त्याचें आंतडें घड्याळाच्या कमानीसारखें वेटोळें घालून बसलेलें असतें. पोटाच्या पातळ कातड्यांतून तें नीट दिसतें. मोठ्या पिवळ्या बेडकाचीं पिलें मात्र शेवाळावर थांबत नाहींत. तीं डांसांच्या अळ्या खातात, दुसऱ्या बेडूकमाशांस खातात, आणि दाटी झाली तर आपल्याच भावंडांसहि सोडीत नाहींत. ज्यांस बेडूक अगदीं निरुपद्रवी वाटतो त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. भेकाचीं पिलें काळीं कुळकुळीत असून घोळक्यानें फिरतात; पाण्यांत एखादें घोंगडें हलत असावें तसा तो घोळका दिसतो.

पुढें जें घडतें तें कोणत्याहि कथेंतील कायापालटाहून मोठें आहे. प्रथम मागचे पाय दिसूं लागतात. शेपटीच्या मुळाशीं दोन ठिपके, मग दोन काड्या, मग बोटें. पुढचे पाय आंतल्या आंत पडद्याखालीं वाढत असतात, ते एके दिवशीं तयार होऊनच बाहेर येतात. त्याच सुमारास आंतील सर्व व्यवस्था मोडून नवी उभी राहते. कल्ले नाहींसे होतात, फुफ्फुसें काम करूं लागतात. चोंच गळून पडते, तोंड कानांपर्यंत रुंदावतें, जीभ तयार होते. वेटोळें घातलेलें आंतडें आंखूड होतें, कारण पुढें शेवाळ नव्हे, किडे पचवावयाचे असतात. डोळ्यांस पापण्या येतात. या मोडतोडीच्या दिवसांत त्यास कांहीं खातां येत नाहीं. तोंड जुनेंहि नाहीं आणि नवेंहि नाहीं. तेव्हां तो आपल्या शेपटावर जगतो. शेपूट तुटून पडतें असें पुष्कळांस वाटतें, तसें नाहीं. तें आंतल्या आंत विरघळून अंगांत जिरतें. प्रवासाची शिदोरी जणूं त्यानें मागें बांधूनच आणिलेली असते.

हें सर्व कोणाच्या हुकुमानें होतें? आपल्या गळ्यांत जी अवटु ग्रंथि आहे, जी सुजली असतां गलगंड म्हणतात, तशीच ग्रंथि बेडूकमाशासहि असते. १९१२ सालीं गुडरनाच नांवाच्या शास्त्रज्ञानें बेडूकमाशांस घोड्याच्या अवटु ग्रंथीचे तुकडे खावयास घातले, तेव्हां तीं पिलें वेळेच्या फार आधींच बेडूक झालीं, परंतु अगदीं माशीएवढ्या आकाराचीं! त्यावरून या ग्रंथीचा रस हाच रूपांतराची आज्ञा देतो असें कळून आलें. मिठांत आयोडिन कां असावें हें ज्यांस समजावून सांगावें लागतें, त्यांस ही गोष्टहि सांगावी. कारण तो रस आयोडिनावांचून बनत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. अंड्यापासून चार पायांचें पिलूं कांठावर येण्यास आमच्याकडील बहुतेक जातींस सुमारें महिना ते दीड महिना लागतो. ऊब, अन्न व दाटी यांप्रमाणें तो काळ थोडाफार कमीजास्त होतो. म्हणजे मादीनें जेथें अंडीं घातलीं, तेथें तितके दिवस पाणी राहिलें पाहिजे. पण मोठ्या तलावांत पाणी असलें तरी तेथें मासेहि असतात, आणि मासे अंडीं व पिलें फस्त करितात. म्हणून पुष्कळ बेडूक मुद्दाम चार दिवसांच्या पाण्याची, मासे नसलेलीं डबकीं पसंत करितात. माशांच्या तावडींतून सुटावें तर उन्हाच्या तावडींत सांपडावें, असा हा पेंच आहे.

आमच्या जिल्ह्यांतील पाऊस हा पेंच अधिकच घट्ट करितो. कोकणांत एकदां पाऊस लागला कीं डबकें महिनोन्‌महिने आटत नाहीं. येथें जूनांत एक-दोन जोरदार सरी येतात, बेडूक वर येतात, अंडीं घालून मोकळे होतात. आणि मग जुलैंत आभाळ नुसतें भरून येतें, वारा सुटतो, पाऊस पडत नाहीं. सोलापुराकडे खरा मोठा पाऊस सप्टेंबरांत पडतो. म्हणूनच मंगळवेढ्याची ज्वारी खरिपाची नसून रब्बीची आहे. शेतकरी सप्टेंबरची वाट पाहूं शकतो, कणगींत बीं राखून ठेवूं शकतो. जूनांत घातलेल्या अंड्यांस वाट पाहतां येत नाहीं. बैलाच्या खुरानें पडलेल्या खळग्यांत आठ दिवसांनीं वाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्यास चिकटलेलीं काळीं टिंबें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांनीं एक संपूर्ण वीण वाळलेली पाहिली आहे. हजारों अंड्यांतून मोजकींच पिलें मोठीं होतात तें असें. मादी हजारोंनीं अंडीं घालते तें याच हिशेबानें.

तथापि बेडूकमासा अगदींच लाचार नसतो. पाणी आटूं लागलें, खोली कमी झाली, दाटी वाढली, कीं त्याच्या अंगांतील रस लौकर वाढतात व तो घाईनें बेडूक होतो. अमेरिकेंतील वाळवंटी प्रदेशांतील बेडकांवर केलेल्या प्रयोगांत हें स्पष्ट दिसून आलें आहे. मात्र या घाईची किंमत पडते. असें पिलूं आकारानें लहान व अशक्त राहतें, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठीं त्याच्या अंगांत चरबी कमी असते. आंबोलीच्या कातळावरील भेकाची गोष्टहि अशीच आहे. ही जात २००९ सालीं शास्त्रास नव्यानें कळली, आणि तिचीं अंडीं जांभ्या दगडावरील उथळ पाण्यांत असतात. तेथें पाऊस विपुल असला तरी खळगा उथळ. दोन दिवस उघडीप पडली कीं पिलें संकटांत. पाऊस किती पडला यापेक्षां पाणी किती दिवस टिकलें हें बेडकास अधिक महत्त्वाचें.

येथपर्यंत जें सांगितलें तें उन्हाचें व पावसाचें काम झालें. त्यावर आमचा इलाज नाहीं, आणि बेडूक त्यास लक्षावधि वर्षें तोंड देत आला आहे. परंतु अलीकडे त्या डबक्यावर आणखी एक संकट येतें, आणि तें आमच्या हातून येतें. आमच्या जिल्ह्यांत डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागा वाढल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे; डाळिंबावरील राष्ट्रीय संशोधन केंद्रहि सोलापुरासच आहे. बागेस औषध फवारावें लागतें हेंहि आम्ही जाणतों. पण फवारणी झाल्यावर पंप कोठें धुतात? जवळांत जवळ जें पाणी असेल तेथें, म्हणजे ओढ्यांत नाहीं तर बांधालगतच्या डबक्यांत. ज्या कातड्यांतून पाणी आंत जातें त्याच कातड्यांतून पाण्यांत विरघळलेलें विषहि आंत जातें. उघड्या कल्ल्यांच्या व कवच नसलेल्या अंड्यांच्या दिवसांत तर त्यास कांहींच आडकाठी नसते. आटत चाललेल्या डबक्यांत पाणी जसजसें कमी होतें तसतसें तें विष अधिक तीव्र होतें. एका पंपाच्या धुणावळीनें एका डबक्याची त्या वर्षाची सारी वीण नाहींशी होऊं शकते, आणि कोणास कळतहि नाहीं, कारण मेलेले बेडूकमासे दोन दिवसांत विरून जातात. त्याच ओढ्यावर पुढें गुरें पाणी पितात, हें वेगळेंच. पंपाचें धुतलेलें पाणी शेतांतच, जेथें पीक आहे तेथें, पातळ करून शिंपडावें. ओढ्यांत, डबक्यांत, विहिरीजवळ ओतूं नये.

दुसरी गोष्ट शेततळ्यांची. २०१६ सालीं सरकारनें मागेल त्याला शेततळें देण्याची योजना काढिली, आणि पुष्कळांनीं प्लास्टिकचा कागद अंथरलेलीं तळीं करून घेतलीं. दुष्काळी भागास हा मोठा आधार आहे. पण त्या कागदाच्या बाजू उतरत्या व गुळगुळीत असतात. पाण्याच्या ओढीनें आंत उतरलेल्या पुष्कळ बेडकांस वर येतां येत नाहीं, आणि कांठावर दगड अगर गवत नसल्यामुळें विसांव्याची जागाहि नसते. एक जुनें तागाचें पोतें किंवा जागोजागीं गांठी मारलेला काथ्याचा दोर कांठावरील खुंटास पक्का बांधून पाण्यांत सोडून ठेवावा. बेडूक, खार, सरडा त्यावरून वर येतात. तोच दोर घसरून पडलेल्या लेंकराच्याहि हातीं लागूं शकतो, आणि शेततळ्यांत मुलें बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षीं वाचतों. या एकाच कारणासाठीं सुद्धां प्रत्येक शेततळ्यावर असा दोर असावा असें आमचें मत आहे.

बेडूक शेतकऱ्याचा मित्र आहे असें शाळेच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. आम्ही त्यांत थोडी दुरुस्ती सुचवूं. बेडूक मित्र-शत्रु पाहत नाहीं. जें हलतें व तोंडांत मावतें तें तो गिळतो. त्याची जीभ पुढच्या बाजूस जोडलेली व मागें मोकळी असते. ती झटकन् बाहेर पडून किड्यास चिकटते, आणि गिळतांना डोळे आंत दबून घास खालीं लोटतात. गांडूळहि तो खातो. तरी त्याच्या आहाराचा मोठा भाग किड्यांचाच असल्यामुळें हिशेब शेतकऱ्याच्या बाजूस पडतो. परदेशीं पाठविण्यासाठीं आपल्या देशांतून बेडकांचे पाय गोठवून जहाजांनीं जात असत. १९८१ च्या सुमारास वर्षास चार हजार टनांहून अधिक माल जात होता. १९८५ सालीं मोठ्या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, आणि १९८७ सालीं भारतानें ही निर्यात बंद केली. शेतांतील कीड वाढेल ही भीति त्यामागें होतीच.

कोणी म्हणतात, बेडूक आले म्हणजे साप येतात. येतात हें खरें; पण बेडकांसाठीं पाण्याकांठीं येतो तो बहुधा विरोळा, आणि तो बिनविषारी आहे. नागास घराकडे आणणारे उंदीरच अधिक. कोणी म्हणतात, डबकीं राहिलीं तर डांस होतात. घराजवळचे टायर, फुटके डबे, उघडे हौद यांतील पाणी अवश्य ओतून टाकावें. त्यांत बेडूक वाढत नाहींत, डांस मात्र वाढतात. शेताच्या बांधावरचें, ओढ्याच्या पात्रांतलें डबकें ही वेगळी गोष्ट आहे.

सर्व जगांत आज उभयचर प्राण्यांस वाईट दिवस आले आहेत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणींत शंभरांतील सुमारें एकेचाळीस जाती नाहींशा होण्याच्या धोक्यांत आहेत असें दिसून आलें. कातड्यावर वाढणाऱ्या एका बुरशीनें इतर खंडांत कित्येक जाती बुडविल्या. आमच्या ओढ्यांतील सामान्य बेडूक त्या यादींत नसतील. तरी सामान्य म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणें शहाणपणाचें नव्हे.

आमच्या खेड्यांतील शाळामास्तरांस व तरुण मंडळींस एक काम सुचवितों. यंदा पहिल्या पावसानंतर गांवाजवळचें एक डबकें निवडावें. त्याच्या मध्यभागीं एक सरळ काठी रोंवून तिजवर बोटाबोटाच्या अंतरानें खुणा कराव्या. अंडीं किंवा पिलें बाहेर काढूं नयेत. बाटलींत भरून घरीं आणलेलीं पिलें बहुधा मरतात. कांठावर बसूनच सर्व दिसतें, सकाळच्या उन्हांत तर फारच चांगलें. वहींत रकाने आंखावे: अंडीं कोणत्या तारखेस दिसलीं, कधीं फुटलीं, मागचे पाय कधीं आले, पुढचे कधीं, आणि रोज पाणी किती बोटें होतें. पाऊस लांबून डबकें आटावयास आलें तर मुलांनीं संध्याकाळीं विहिरीच्या दोन-चार घागरी त्यांत ओतण्यास हरकत नाहीं. मात्र नळाचें औषध घातलेलें पाणी असेल तर तें एक दिवस उघडें ठेवून मग ओतावें. शेवटच्या रकान्यांत, चार पायांचें पहिलें पिलूं कांठावरील गवतांत दिसेल त्या दिवसाची तारीख, आणि त्या दिवशीं काठीवर किती बोटें पाणी उरलें होतें तें लिहावें.